न बघता म्हटलेलं ‘लागली’

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या सासऱ्यांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलायला जमतंय. म्हणजे इथेही मी भित्रीच, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

आम्ही बोईसरला राहतो. सासरे मूळचे मासवणकडचे. तारापूरच्या कारखान्यात फिटर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी सात सीटची व्हॅन घेतली. कुणाला दवाखान्यात न्यायचंय, कुणाला पालघरच्या कचेरीत सोडायचंय — बाबा किल्ली घेऊन तयार. गाडीला दुसऱ्याचा हात लागू देत नसत. आणि मी? मी औषधांच्या कंपनीत तपासणीला आहे. दिवसभर बाटल्या उजेडासमोर धरायच्या, आत एखादा कण दिसतो का ते बघायचं. बघण्याचाच पगार घेते मी.

त्या रविवारी आम्ही सगळे एडवणला समुद्रावर जाणार होतो. सकाळी शेजाऱ्यांनी सांगितलं, तुमच्या गाडीची ब्रेकची लाइट लागत नाही. डावीकडची तर खाऱ्या हवेनं गंजून कधीच बंद पडलेली, उजवी तेवढी चालायची. आता तिचाही बल्ब उडाला होता. बाबा लगेच नवा बल्ब घेऊन आले. मागची लाल काच उघडून त्यांनी तो बसवला आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. ब्रेक दाबणाऱ्याला मागचं दिसत नाही, कुणीतरी मागे उभं राहून सांगावं लागतं. त्यांनी मला हाक मारली.

मी दारासमोरच्या ओट्यावर, गाडीकडे पाठ करून फोनवर बोलत होते. बहिणीकडे कुरकुर चालली होती — आठवड्याची एक सुट्टी, तीही बाबांच्या हाताखाली जाते म्हणून.

“मनीषा, लाइट लागली का गं? बघ जरा!”

“लागली, बाबा!”

मी वळलेही नाही. ओट्यावरून खाली उतरायचं होतं फक्त — तेवढंही नाही केलं. बाबांनी माझ्या शब्दावर काच लावून टाकली.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल ना? एडवणच्या अलीकडे एका वळणावर गाय आडवी आली, बाबांनी ब्रेक मारला आणि मागून मोटारसायकल येऊन आदळली. कारखान्यात काम करणारा माणूस होता, मागे त्याची बायको. तिचा हात कोपरात मोडला. तो चिडलाही नाही, तिला धरून एवढंच म्हणत राहिला, “चाचा, लाइट जली ही नहीं.” माझ्या नवऱ्यानं मागे उभं राहून बाबांना ब्रेक दाबायला लावला. खरंच, लाइट लागत नव्हती. बल्ब खोबणीत पुरता फिरलाच नव्हता.

दवाखान्यात नवऱ्यानं विचारलं, “बाबा, बसवल्यावर कुणी बघितलं नाही का?”

मी शेजारीच उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “कोनी नव्हतं. मी एकलाच होतो.”

त्यांनी मला झाकलं. सुनेला चारचौघांत खाली बघायला लागू नये, एवढाच विचार असणार त्यांचा. आणि मला काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं. त्या बाईचा हात प्लास्टरमध्ये घालत होते, आणि मी सुटले म्हणून मोकळा श्वास घेत होते. तिचं नावही मी विचारलं नाही.

इथवरच असतं, तर कदाचित मी कधीतरी बोलले असते. पण संध्याकाळी नणंद आली, घरात बोलणं सुरू झालं — बाबांचं वय झालं, हात पूर्वीसारखा राहिला नाही, किल्ली काढून घ्यायला हवी. बाबा खाली मान घालून ऐकत होते. तेव्हा मी — कुणी विचारलेलं नसताना — म्हणाले, “हो ना, परवा गॅसपण चालू ठेवला होता त्यांनी.”

गॅस मी चालू ठेवला होता. कामावर जायच्या घाईत, मीच. का बोलले? सगळ्यांचं बोट त्यांच्याकडे होतं, ते तिथेच राहावं म्हणून. याला दुसरं काही नाव असेल तर मला माहीत नाही.

किल्ली त्याच संध्याकाळी नवऱ्याच्या खिशात गेली. पुढे व्हॅनही विकली. आता घरातला साधा दिवा गेला तरी ते मुलाची वाट बघतात.

बल्बचं त्यांना माहीत होतं; ते त्यांनी समजून उमजून अंगावर घेतलं. गॅसचं मात्र त्यांना माहीत नव्हतं. ते त्यांनी खरं मानलं. हल्ली बाहेर पडताना पायात चपला घातलेल्या असल्या तरी काढून परत आत येतात आणि शेगडीची बटणं एकेक करून चाचपतात. “माझ्या डोक्याचा आता भरवसा नाय गं,” म्हणतात, थोडं ओशाळून.

मी तिथेच भाकरी थापत असते. थापत राहते.