पिशवी उघडून दाखवायची सवय

“पिशवी उघाड. तुम्हना लोकेसना काय भरोसा?”

भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर शेठाणी मला म्हणाली. साड्यांचं दुकान, नंदुरबारात. आम्ही चौघी कामाला. एक साडी सापडेना, आणि पिशवी उघडायला लावली फक्त माझी. का? तर मी धडगावकडची, पावरा आदिवासी. पिशवीत डबा होता, डब्यात अर्धी भाकर. तीसुद्धा तिने उलटून पाहिली. साडी नंतर दुसऱ्या साडीच्या घडीत निघाली. लगीनसराईत ढीगभर साड्यांच्या घड्या मोडतात, घाईत एकीत दुसरी गुंडाळली जाते. ती घडी शेठाणीनेच घातलेली. “सापडली” म्हणाली आणि जाऊन पंख्याखाली बसली.

तिथून माझं डोकं बिघडलं. दोघी हळू बोलल्या की माझ्याबद्दलच. कोणी हसलं की मलाच. नणंदेने कपाटाला कुलूप घातलं, तेही माझ्यामुळेच. झोप गेली, छाती धडधडायची. रोज दुकानातून निघताना मी आपणहून पिशवी उघडायला लागले. मागितल्यावर फार लागतं, त्यापेक्षा आधीच दाखवलेली बरी. मेली सवयच जडली. किराणावाल्यापुढेही उघडायची.

झोपेसाठी दवाखान्यात गेले, तर तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, सगळे तुझ्यावर संशय घेत नाहीत, तुझं मन तसं धरून बसलंय. पण मी आत गेले तेव्हा त्यांनी पर्स खणात टाकली. मी पाहिलं ना! परत गेलेच नाही.

मग परवा पोरीला पेन्सिल घ्यायला नेलं. सात वर्षांची आहे. निघताना तिने फ्रॉकचे दोन्ही खिसे उलटे केले आणि दुकानदारापुढे उभी राहिली. म्हातारे चाचा चक्रावले.

“बेटा, कोणी मागितलं?”

कोणीच मागितलं नव्हतं. माझंच बघून शिकली होती. रस्त्यावर आल्यावर मला रडू आवरेना.

काल संध्याकाळी मी पिशवी खांद्याला लावून सरळ दाराकडे निघाले. शेठाणीने हाक मारली, पिशवी दाखवायची राहिली म्हणाली. मी वळले.

“आधी या तिघींच्या बघा. मग माझी.”

तिघी खाली बघत राहिल्या. शेठाणीने कोणाचीच पिशवी मागितली नाही. मी निघून आले.

आज कामावर ठेवतील की नाही, ठाऊक नाही. त्या तिघी मागे हसल्या असतील, असं रात्रभर वाटत राहिलं. आज त्यांनाच तोंडावर विचारणार, हसलात का म्हणून. दवाखान्यातल्या बाईंनाही पर्सचं विचारणार. मनातल्या मनात निकाल लावणं बंद. डोक्यातला संशय मीच काढीन, पण तो कोणी घातला ते विसरणार नाही. आणि पिशवी आता उघडणार नाही. नोकरी गेली तरी.