मेस्त्रीचा सांधा

रिमोटचं विमान आमच्या अंगावर यायला लागलं तेव्हा डॉक्टर पळाले, मी खाली बसले आणि माझा नवरा दोन्ही हात वर करून पुढे गेला. आवाज झाला. मी बघितलं तर आमचे हे मिठागराच्या कडक जमिनीवर उताणे पडले होते, विमान त्यांच्या छातीवर आडवं होतं आणि माझा भाऊ धावत येत होता. तो आला, गुडघ्यावर बसला, आणि त्याने पहिला हात लावला तो विमानाला. पंख जिथे मधल्या अंगाला जोडलेला असतो तिथे त्याने अंगठा फिरवला. सांधा सुटला नव्हता. ते त्याला बरं वाटलं. क्षणभर त्याच्या तोंडावर ते दिसलं, आणि मी ते बघितलं. मग त्याने खाली ह्यांच्याकडे पाहिलं.

माझ्या भावाला सगळे मेस्त्री म्हणत. भाईंदरजवळ मोरव्याला आमच्या बापाच्या अंगणात होड्या बांधल्या जायच्या. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, तो दुसरीतून उठला आणि बापाच्या हाताखाली गेला. त्याचं खरं नाव रेशन कार्डावर होतं, त्या नावाने कुणी हाक मारली नाही. मीसुद्धा मेस्त्रीच म्हणायची. तो मला बाय म्हणायचा. दोन फळ्या जोडून झाल्या की तो डोळ्यांनी बघत बसायचा नाही. उजव्या हाताचा अंगठा सांध्यावरून सावकाश न्यायचा आणि म्हणायचा, "धरला हाय." तेवढंच. धरला नसेल तर काही न बोलता सगळं पुन्हा उघडायचा, मग मालक कितीही घाईत असो.

लग्न होऊन मी खाडीपुलाजवळच्या वरसाव्याला आले. आमच्या घराची चौकट दुसऱ्या सुताराने केलेली. भाऊबीजेला मेस्त्री आला की पाय धुवायच्या आधी त्या चौकटीवर अंगठा फिरवायचा आणि सांगायचा, ही सुटणार. दर वर्षी. आमचे हे दारात उभे राहून वाटच बघायचे आणि विचारायचे, "काय मेस्त्री, औंदा तरी सुटते काय? न्हायतर मीच दोन लाथा घालतो, तुझा सबूद तरी राहील." मेस्त्री हसायचा नाही, पण त्याला ते आवडायचं. ती चौकट अजून जागेवर आहे. मेस्त्रीचं सगळंच खरं व्हायचं असं काही नाही.

ह्यांची होडी त्यानेच बांधली होती. आमची तिन्ही पोरं त्या होडीवर मोठी झाली. एकदा मोठ्या भरतीला ती पुलाच्या खांबावर आपटली. हे एकटेच होते. एखादी दुसरी होडी फुटून गेली असती. ह्यांच्या होडीची एक फळी चेपली, सांधा एकही सुटला नाही. हे भिजून घरी आले आणि जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी मेस्त्री मोरव्याहून आला तो आधी होडीपाशी गेला, तिच्यावरून अंगठा फिरवून झाला, मग आमच्याकडे आला. हे मला म्हणाले, "तुझ्या भावाला मेव्हण्यापरीस फळीची काळजी." हसत म्हणाले. पण त्या दिवसापासून ह्यांच्या डोक्यात एक बसलं, की मेस्त्रीच्या हातचं काही आपल्याला मारायचं नाही.

मग फायबरच्या होड्या आल्या. त्या साच्यातून निघतात, त्यांना सुतार लागत नाही. आधी नवीन कामं थांबली, मग दुरुस्त्याही थांबल्या. मेस्त्रीचा लाकूड तासायचा वाकस ओटीवर खिळ्याला टांगला तो टांगलाच. बायको आधीच गेली होती. सून चांगली, वेळेवर ताट वाढायची, तो अर्धं ठेवायचा. बोलणं कमी होत होत बंद झालं. एकदा मी गेले तर हा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्याच खुर्चीच्या पायावर अंगठा फिरवत होता. मी विचारलं, काय बघतोस. म्हणाला, "ह्याला सांधाच न्हाय, बाय." मी घरी येऊन ह्यांना सांगितलं की माझा भाऊ आता फार दिवस काढायचा नाही.

भाईंदरकडे सिल्व्हर पार्क नावाच्या भागात दातांचे एक डॉक्टर होते, मुंबईहून इकडे राहायला आलेले. हे कवळी बसवायला त्यांच्याकडे जायचे. दवाखान्यात भिंतीला एक भलामोठा खोका उभा असायचा, वर विमानाचं चित्र. आत विमानाचे सुटे भाग. ते जोडायचं, पेट्रोलचं इंजिन बसवायचं आणि रिमोटने उडवायचं. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत दोन माणसं आडवी झोपतील एवढं मोठं. डॉक्टरांनी हौसेने मागवलं आणि जोडायला जागा नाही. त्यांची बायको म्हणाली होती, हॉलमध्ये एक तर हे राहील नाहीतर मी. डॉक्टर हे गाऱ्हाणं सांगत होते तेव्हा ह्यांच्या तोंडात मापाचा साचा होता. ह्यांनी बोट वर केलं, की थांबा, माझ्याकडे माणूस आहे. घरी आल्यावर मला म्हणाले, "मेस्त्रीला काम भेटलां तर तो वाचंल." त्यासाठीच हे सगळं केलं. विमानाशी आम्हाला काय करायचं होतं?

खोका मोरव्याला आला. मेस्त्रीने एक फळी उचलली, वाकवून बघितली आणि डॉक्टरांना म्हणाला, "ह्ये लाकूड न्हाय, पापड हाय. उन्हात घाला, नी तळा." डॉक्टर हसले. त्यांनी समजावलं की हे बाल्सा नावाचं लाकूड, ते हलकंच असावं लागतं. विमान कधी ना कधी पडतंच, पडलं की त्याने मोडायचं असतं, मग आपण पुन्हा जोडतो. "ते मोडण्यासाठीच असतं, मेस्त्री," असं ते म्हणाले.

मेस्त्रीने फळी खाली ठेवली. "आजवर कुनाला मोडाया न्हाय बांधलां, डॉक्टर. माझ्या होडीत बसून मानसं जातात."

ह्यात कोण बसणार आहे, असं डॉक्टरांनी विचारलं. मेस्त्री म्हणाला, कोण न्हाय बसत, पन बांधनार मीच ना.

काम सुरू झालं आणि आठवडाभरात मेस्त्री पुरं ताट जेवायला लागला. सुनेनेच मला फोन करून सांगितलं. वाकस खाली उतरला. तेवढ्या नाजूक कामात वाकसाचं काम नव्हतं, पण तो शेजारी ठेवून बसायचा. हे रोज मोरव्याला जाऊन त्याच्यासमोर बसायचे आणि टोमणे मारायचे, की मेस्त्री, ह्याला वल्हं कुठे लावणार. मीही जायला लागले. विमानाच्या सांगाड्यावर रंगीत प्लास्टिकचा कागद गरम इस्त्रीने चिकटवायचा असतो, ते काम माझ्याकडे आलं. सुरकुती पडली की मेस्त्री ओरडायचा. चाळीस-पन्नास वर्षं मी त्याचं ओरडणं ऐकलं नव्हतं, मला बरं वाटलं.

डॉक्टर संध्याकाळचे पेशंट लवकर आटपून यायचे. विजेच्या तारा आणि रिमोटचं ते बघायचे. खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं ती प्रत्येक जोडणी मेस्त्रीने केली, आणि तिच्या आतून सागाची पट्टी घातली. पंखाच्या मुळाशी तर पट्टीवर फायबरचं कापड गुंडाळून वर रेझिन ओतलं. ज्या फायबरने त्याचा धंदा खाल्ला तेच त्याने आणलं. मी विचारलं तर म्हणाला, "हरामखोर हाय, पन घट हाय." डॉक्टर वजनकाटा घेऊन आले. वजन बघून त्यांचा चेहरा पडला. ते हळू आवाजात म्हणाले, फार जड होतंय. मेस्त्री म्हणाला, मग इंजिन मोठं घाला. डॉक्टरांनी खरंच मोठं इंजिन आणलं. त्यांचीही चूक नाही. मेस्त्री तेव्हा इतका जिवंत दिसत होता, की त्याला नको म्हणायला कुणाचीच जीभ वळली नसती.

बंद पडलेल्या मिठागरावर आम्ही चौघं गेलो. मेस्त्री, आमचे हे, डॉक्टर आणि मी. मी भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी घेतली होती. मेस्त्रीने नव्या होडीला करतात तसं केलं, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पुढच्या पंख्याला हार घातला. डॉक्टरांनी इंजिन सुरू करायच्या आधी हार काढून माझ्या हातात दिला. विमान बराच वेळ जमिनीवरूनच पळत राहिलं. मला वाटलं आता ते चालतच भाईंदरला जातंय. मग उठलं. मेस्त्रीने मान वर केली. मी त्याला आयुष्यात इतकं वर बघताना पाहिलं नव्हतं, त्याचं सगळं बघणं खालचं, हातापुढचं. हे त्याच्या पाठीत थाप मारून म्हणाले, "धरला हाय काय?" मेस्त्री म्हणाला, "धरला हाय."

दोन फेऱ्या झाल्या. परत आणताना डॉक्टरांनी ते वळवलं, वळताना वेग कमी पडला आणि एवढं वजन त्याला तोलता आलं नाही. हे सगळं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मला एवढंच दिसलं की ते तोंड खाली करून आमच्याकडे येतंय. डॉक्टर ओरडले, पळा. मेस्त्री लांब उभा होता, चाकांनी जमीन कशी धरली ते बघायला गेला होता. आणि हे पुढे गेले. होडी किनाऱ्याला लागताना बाहेरची माणसं हात वर करून पुढे होतात आणि तिला खांदा लावतात, म्हणजे ती दगडावर आपटत नाही. लहानपणापासून हे तेच करत आले होते. मेव्हण्याची वस्तू आपटायला आली, हे खांदा लावायला गेले. ते विमान तसंच्या तसं, कागदावर लिहिल्याप्रमाणे जोडलं असतं तर ह्यांच्या अंगावर त्याचा चुरा झाला असता. काही मोडलंच नाही, सगळं वजन छातीत बसलं.

पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं. मी जबाब दिला की कुणाचा दोष नाही, आणि खाली सही केली. मेस्त्री त्यानंतर चौकीवर जात राहिला. म्हणायचा, बांधलं मी, माझं नाव लिहा. तिथल्या हवालदाराने त्याला दर वेळी चहा पाजला आणि रिक्षात बसवून दिलं. एकदा मला फोन करून तो म्हणाला, "मावशी, बाबांना घरी सांभाळा. इथे त्यांचं काही काम नाही."

दिवसकार्य झाल्यावर मेस्त्री वरसाव्याला यायला लागला. घरात यायचा नाही. बाहेर पायरीवर बसायचा. चौकटीला हात लावायचा नाही, उजव्या हाताची मूठ मिटून ठेवायचा, अंगठा आत. मी चहा बाहेर द्यायची, तो थंड व्हायचा, मी ओतून टाकायची. भाऊबीजेलाही तसाच बसला. मी ओवाळायचं ताट घेऊन बाहेर गेले तर त्याने कपाळ मागे घेतलं.

"बाय, मी पयला सांध्याला हात लावला."

"मी बघितलां."

"तो खाली पडला व्हता. मी सांधा बघितला."

"बघितलां म्हटलं ना."

"मना बरा वाटला, बाय. सुटला न्हाय म्हनून."

मी म्हटलं, तेपण बघितलं. तू सुतार, तू लाकडाकडेच बघणार, होडी आपटली तेव्हाही तेच केलंस, आणि तेव्हा हे हसले होते. तो म्हणाला, आता कोण हसंल. कुणीतरी हसेल असं खोटं बोलायची मला सवय नाही. मी त्याच्या कपाळाला जबरदस्तीने कुंकू लावलं आणि आत गेले. बाहेर येऊन बघितलं तेव्हा तो गेला होता, आणि पायरीवर कुंकू पुसलेला रुमाल होता.

विमान पोलिसांनी परत दिलं. डॉक्टरांना ते नको होतं, त्यांनी दवाखानाही दुसरीकडे नेला. ते मोरव्याच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिलं. सून सांगत होती, एका दुपारी मेस्त्रीने ताडपत्री काढली आणि वाकसाने पंखाच्या मुळावर घाव घालायला सुरुवात केली. वरचा कागद फाटला, बाल्सा उडाला, सांधा काही सुटेना. हात चालेनासा झाला तेव्हा तो त्याच्या शेजारीच खाली बसला. संध्याकाळी सुनेने उठवून आत नेलं. त्यानंतर त्याने पुन्हा ताट अर्धं ठेवायला सुरुवात केली, मग पाव, मग तेही नाही. डॉक्टरी औषध झालं, बाहेरचं झालं. मी शेवटी गेले तेव्हा त्याने मला ओळखलं. मी त्याची मूठ उघडायला बघितली. उघडली नाही, आणि मी जोर केला नाही. तो गेल्यावर भाच्याने कटर लावून ते विमान कापलं आणि बंबात घातलं. पंखाचं मूळ जळेना, ते त्याने खाडीत टाकलं.

त्या दिवशी मिठागरावर आम्ही चौघं होतो. आमचे हे जागीच गेले. मेस्त्री पुढे दोन पावसाळे चालत-फिरत होता, पण त्याला मी वाचलेला धरत नाही. वाचलो ते डॉक्टर आणि मी.