किल्ल्यावरचं औक्षण

तुम्ही कधी अशा माणसाला ओवाळलंय का, ज्याचं नावसुद्धा तुम्हाला धड उच्चारता येत नाही? आम्ही झाशीच्या बायकांनी अशा बऱ्याच जणांना ओवाळलंय!

त्याचं असं आहे, की झाशी म्हटलं की राणी आणि राणी म्हटलं की नऊवारी. आता इथे मराठी घरं ती किती, आणि त्यांत नऊवारी नेसता येणाऱ्या बायका किती! त्यामुळे कोणी परदेशी पाहुणा किल्ला बघायला निघाला, की सरकारी ऑफिसातून कुसुमवहिनींना फोन येतो. "भाभीजी, दस-बारह मराठी लेडीज़ चाहिए. साड़ी वही वाली, पीछे खोंसने वाली!"

कुसुमवहिनी आमच्या महिला मंडळाच्या प्रमुख. खंडेराव गेटजवळ त्यांचं घर. दर शुक्रवारी आम्ही तिथे जमतो. भजन अर्धा तास आणि किस्से दीड तास. नव्या बाईला जुने सांगता सांगता चार नवे जमा होतात. एकदा कोणीतरी म्हणालं, "लिहून ठेवा गं!" बाकीच्यांना वेळ नव्हता, म्हणून मी लिहितेय.

*

सर्वांत जुना किस्सा एका राजदूतांचा. उंच, गोरे, फार हसरे गृहस्थ. कुसुमवहिनींनी कुंकू लावलं, अक्षता लावल्या आणि तबकातलं निरांजन त्यांच्या तोंडासमोर नेलं. त्यांनी वाकून जोरात फुंकर मारली आणि टाळ्या वाजवल्या!

आम्ही सगळ्या गार. कुसुमवहिनींनी पुन्हा वात पेटवली. त्यांनी पुन्हा फुंकली. त्यांना वाटलं, खेळच आहे हा! तिसऱ्यांदा पेटवली, तिसऱ्यांदा फुंकली.

शेवटी त्यांचा सेक्रेटरी हात जोडून म्हणाला, "मैडम, साहब की साँस फूल रही है. अब इनको अंदर जाने दीजिए."

*

एकदा आमच्याकडून मोठी चूक झाली. गाड्यांचा ताफा येणार होता. पहिली गाडी थांबली, सूट घातलेले धिप्पाड गृहस्थ उतरले. नंदामावशी घाईच्या! त्यांनी "आले, आले" केलं आणि आम्ही ओवाळून मोकळ्या झालो. हार घातला, पेढा भरवला, फुलं उधळली.

ते होते पाहुण्यांच्या सामानाचे अधिकारी. बॅगा मोजायला पुढे आलेले.

खरे पाहुणे वीस मिनिटांनी आले. तोवर तबकात एक झेंडूचं फूल आणि अर्धा पेढा उरला होता. कलेक्टर ऑफिसच्या साहेबांनी आम्हाला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. पण जाताना ते सामानवाले गृहस्थ मुद्दाम आमच्याकडे आले. दुभाष्याला पुढे करून म्हणाले, "इतकी वर्षं मी साहेबांच्या पुढे पुढे उतरतोय. माझ्यासाठी कोणी थांबलेलं आज पहिल्यांदा पाहिलं."

नंदामावशी म्हणाल्या, "बघा! चूक नव्हतीच ती."

*

पाहुण्याला 'या' म्हणावं की नाही, हा वाद माझ्या घरात शिरला तो सायलीमुळे. सायली माझी मुलगी, कॉलेजात शिकते. मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत.

एक परदेशी मंत्री यायचे होते. त्यांच्या देशानं शेजारच्या देशावर बाँब टाकले होते, रोज टीव्हीवर दिसायचं. सायली म्हणाली, "मम्मी, आप लोग उनको टीका लगाओगे?"

मी म्हटलं, "अगं, सरकारनं बोलावलंय. आपल्या दारात आलेला माणूस आहे."

"हमने तो नहीं बुलाया," ती म्हणाली.

त्या दिवशी चौकात एका बाजूला आम्ही तबकं घेऊन उभ्या आणि समोरच्या बाजूला कॉलेजची मुलं काळे रुमाल घेऊन. त्यांत सायली! बरं, रुमालाचं काळं कापड माझ्याच ट्रंकेतलं, ब्लाउजला ठेवलेलं. मी लांबूनच ओळखलं.

ऊन मी म्हणत होतं. पाहुण्यांचा पत्ता नाही. तासाभरानं सायली मधला दोर ओलांडून सरळ माझ्याकडे आली. "मम्मी, पानी है?"

मी बाटली दिली. शिपाई धावत आला, "ए लड़की! उधर वाले उधर रहो!"

मी म्हटलं, "भैया, हमारी बेटी है."

त्यानं माझ्या तबकाकडे पाहिलं, तिच्या रुमालाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तो घर में बैठ के तय कर लेतीं, माताजी! हमको काहे धूप में खड़ा किया?"

घरी बसूनही आमचं ठरलं नाही. अजूनही ठरलेलं नाही. पण तेव्हापासून एखादा पाहुणा येणार म्हटलं, की मी त्याच्याबद्दल आधी सायलीला विचारते.

*

आता हा शेवटचा. हा मी शुक्रवारी सांगत नाही.

वैशाली आमच्यात सर्वांत नवी. सातारा जिल्ह्यातली. नवरा सैन्यात सुभेदार, पोस्टिंग जवळच्या बबीना छावणीत, पण मुलीच्या शाळेसाठी घर घेतलंय प्रेम नगरला. उंच, ठसठशीत, नऊवारी अशी नेसते की बघत राहावं. म्हणून ऑफिसच्या साहेबांनी तिलाच निवडलं. "यही दीदी आरती करेंगी. फोटो अच्छा आएगा."

पाहुणे एका देशाचे अध्यक्ष होते. देशाचं नाव लिहीत नाही. नाव सांगितल्यावर सायलीनं फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "खुद पढ़ लो." मी थोडंसं वाचलं आणि फोन परत दिला.

त्या शुक्रवारी भजन झालंच नाही.

नंदामावशी म्हणाल्या, "माझा भाचा त्या देशात नोकरीला आहे. आपण तोंड फिरवलं तर तिकडे आपल्या पोरांचं काय? दिल्लीत बसलेल्यांना कळत नाही का? त्यांनी विचार करूनच बोलावलं असेल ना?"

कुसुमवहिनी म्हणाल्या, "पाणी देऊ गं. पाणी वैऱ्यालाही देतात. पण ओवाळणं म्हणजे त्याला आयुष्य मागणं. ते कसं मागायचं, ते मला कळत नाही."

वैशाली खाली बघतच बोलायला लागली.

"आमचे हे यूएनच्या शांतिसेनेत गेले होते ना, ते त्याच देशात. कॅम्पच्या कुंपणापलीकडे गाव होतं. तिथली एक मुलगी रोज यायची, आठ-नऊ वर्षांची. हे तिला मराठी आकडे शिकवायचे. एक ते वीस पाठ झाले होते तिला. आधी स्वतःचं नाव सांगायची, मग आकडे म्हणायची. एकदा ह्याच अध्यक्षांचे सैनिक गावात शिरले. यांना कॅम्पबाहेर पडायची ऑर्डर नव्हती. दोन दिवसांनी ऑर्डर आली, तेव्हा यांना गावातली माणसं मोजायला पाठवलं."

नंदामावशींनी हातातला चहा खाली ठेवला.

"आता सुट्टी असली की आमच्या पिंकीला शाळेत सोडतात, आणि शाळा सुटेपर्यंत गेटसमोर उभे राहतात. चहालासुद्धा हलत नाहीत."

कुसुमवहिनी म्हणाल्या, "मग तू येऊ नकोस. मी साहेबांना सांगते, ताप आलाय."

पण तेही सोपं नव्हतं. आमची नावं, फोटो, आधार कार्डं सगळं पोलिसांकडे जाऊन आलं होतं. यादी पक्की झाली होती. त्यात सुभेदार स्वतः त्या दिवशी हेलिपॅडवर सलामी देणाऱ्या तुकडीत! बायको ऐनवेळी आली नाही, तर पहिला प्रश्न त्यांनाच विचारणार. आणि ते त्या देशात शांतिसेनेत होते, हे तर कागदावरच होतं.

मी विचारलं, "ते काय म्हणतात?"

"म्हणतात, मी सॅल्यूट करणार. सॅल्यूट खुर्चीला असतो, माणसाला नाही. तुझं तू बघ."

मला ते खरं वाटलं. पण कुंकू काही खुर्चीला लावता येत नाही. त्याला कपाळच लागतं.

तेवढ्यात ऑफिसच्या साहेबांचा फोन आला. सिक्युरिटीवाले पेटती ज्योत चालू देणार नाहीत, ते बॅटरीचं निरांजन पाठवतायत. नंदामावशींनी टाळीच वाजवली. "सुटला की प्रश्न! बॅटरीचं औक्षण देवापर्यंत पोचतच नाही! दोन मिनिटं हात फिरव आणि घरी ये."

सगळ्या हसल्या. वैशालीही हसली. मग म्हणाली, "पोचत नाही, तर करायचं कशाला, मावशी?"

थोड्या वेळानं तिनं चपला घातल्या. दारातून वळून म्हणाली, "मी येते उद्या."

*

किल्ल्यावर आम्ही सकाळी आठपासून उभ्या होतो. लाल गालिचा, कुत्र्यांकडून तपासणी, सगळं झालं. मी वैशालीच्या शेजारी, हातात फुलांची परडी.

ते आले. मला वाटलं होतं, तोंडावर काहीतरी दिसेल. काही दिसलं नाही. बुटकेसे, चष्मा, बक्षीस समारंभाला आलेल्या हेडमास्तरांसारखे. गुडघे दुखत असावेत, चढावर दुभाषी मुलीचा हात धरून चालत होते. ती त्यांच्याच देशातली, पण हिंदी छान बोलत होती.

वैशालीसमोर येऊन त्यांनी आपणहून मान वाकवली. तिनं कुंकू लावलं. अक्षता लावल्या. बॅटरीची ती ज्योत मध्येच थरथरत होती. तीनदा ओवाळलं. कॅमेरे वाजत होते. मी फुलं टाकायची विसरले.

झालं, असं वाटलं. पण ते थांबले आणि हसून काहीतरी विचारलं. दुभाषी मुलगी म्हणाली, "साहब आपका शुभ नाम पूछ रहे हैं."

वैशालीनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "अमारा."

दुभाषी मुलीनं एकदम वर पाहिलं. पण नावाचा काय अनुवाद करायचा! त्यांना ऐकू गेलंच होतं. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं, "अमारा, अमारा." अगदी बरोबर म्हटलं. मग खूश होऊन काही बोलले.

मुलगी हळू आवाजात म्हणाली, "साहब कह रहे हैं, बड़ा प्यारा नाम है. हमारे देश में भी लड़कियों का होता है."

"जी," वैशाली म्हणाली. "मालूम है."

ते पुढे गेले. माहिती खात्याचा माणूस वहीत लिहून घेत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "अमारा ही ना, बहनजी? 'र' पर बड़ा आ?"

ती म्हणाली, "हाँ. बड़ा आ."

परतताना टेम्पोत कुसुमवहिनींनी वैशालीचा हात आपल्या मांडीवर घेऊन ठेवला होता, तिचं घर येईपर्यंत. नंदामावशी खिडकीतून बाहेर बघत होत्या. तबक माझ्या हातात होतं, आणि बॅटरीचं निरांजन बंद कसं करायचं ते मला सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इथल्या हिंदी पेपरात पहिल्याच पानावर मोठा फोटो आला, आणि त्याखाली छापलं होतं : "राष्ट्रपति महोदय का मराठी परंपरा से स्वागत करतीं झाँसी की श्रीमती अमारा."