टाकी आणि आबांची विहीर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सावद्याजवळ एका केळीच्या मळ्यात तीन महिने गाडीत राहिलो. गाडी म्हणजे चाकांवरची खोली. आत खाट, स्टोव्ह आणि कोपऱ्यात संडास. त्या संडासाचा मला नको तेवढा तोरा होता. माझं काम जमिनीखालच्या पाण्याची पाहणी करण्याचं. मळा ज्यांचा होता त्यांना सगळे आबा म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागलो.

संडासाखाली पत्र्याची टाकी होती. पहिल्याच दिवशी आबांनी वाकून पाहिलं आणि सरळ विचारलं, "साहेब, हे भरल्यावर कुठी टाकता? बांधाले खड्डा खंदून देतो." माझे कान तापले. असल्या गोष्टी काय चारचौघांत बोलायच्या? "ते आमचं आम्ही बघू," मी तुटकपणे म्हणालो. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

तीन आठवड्यांत टाकी काठोकाठ भरली. खड्डा खणायचा तर फावडं मागायला आबांकडेच जावं लागणार. नाल्यात सोडावी तर खाली बाया धुणं धुवायच्या. गाडीपासून दहा-बारा पावलांवर एक जुनी विहीर होती. ट्यूबवेल झाल्यापासून आटलेली, काठावर काटेरी झुडपं माजलेली. भर दुपारी, मळ्यात चिटपाखरू नसताना, मी रबरी पाइप लावला आणि टाकी तिच्यात मोकळी केली. कोरड्या विहिरीत घाण टाकू नका, ती खालच्या पाण्यात उतरते, हे गावोगाव मीच तोंड वर करून सांगत फिरायचो. लाज कशी वाटली नाही, देव जाणे. पुढच्या खेपेलाही तेच केलं.

आबांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एका सकाळी आबा दोर आणि विळा घेऊन आले. म्हणाले, उद्या पोर बाळंत होऊन सव्वा महिना होतोय, विहीर पुजायची आहे. घरात नळ होता, मळ्यात ट्यूबवेल होती. पण त्यांच्या घरातली प्रत्येक बाळंतीण याच विहिरीला हळदकुंकू वाहायची आणि मगच पुन्हा पाणी भरायला लागायची. पाणी नसलं म्हणून काय झालं, विहीर तीच. "पोरीचं हळदकुंकू कचऱ्यात पडू देऊ काय? तळ झाडून घेतो," म्हणत त्यांनी झुडपं तोडली आणि दोर काठावरच्या बाभळीला बांधला.

मी स्टोव्हवर चहा ठेवत होतो. उगाच ढवळतच राहिलो. आबांनी धोतर खोचून विहिरीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "आबा, उतरू नका. टाकी मी तिथे सोडलीय."

ते तसेच थांबले. आता शिव्या घालतील म्हणून मी वाट पाहत होतो. घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पाय वर घेतला, दोर सोडला, नीट गुंडाळला. "मी खड्डा खंदून देतो म्हटलं होतं," एवढंच बोलले आणि घराकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी पूजा ट्यूबवेलच्या पाइपाजवळ उरकली. मी गाडीबाहेर पाऊल टाकलं नाही. दुपारी आबांच्या पत्नी, अक्का, वाटीत पूजेच्या घुगऱ्या घेऊन आल्या. मागे आबा होते.

"साहेब, ही गाडी दूर घ्या बरं," अक्का काळजीने म्हणाल्या. "हे म्हणता, विहीर आतून ढासयू राह्यली. म्हणून पोरीले तिथं नेलं नाही. माह्या सासूनं तीच पुजली, मीनं तीच पुजली. तुम्ही शिकेल माणूस, तुम्हीच सांगा. खरंच ढासयली काय? पुढच्या वेळी पोरीले पुजता येईन का नाही?"

आबा केळीच्या खोडाकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते काही माझ्याकडे बघेनात. खरं सांगायची ती वेळ होती, आणि मला ते कळतही होतं.

"ढासळलीय," मी म्हणालो. "बुजवूनच टाका ती."

अक्कांनी पदराने डोळे टिपून वाटी माझ्या हातात दिली.

"बरं झालं तुम्ही होते," त्या म्हणाल्या. "नाहीतर यांचं मीनं खरं मानलं नसतं."