माझ्या बॅगेतला मुद्देमाल

तालुक्याच्या कचेरीसमोरील पत्र्याच्या शेडखाली अर्जनवीस म्हणून मी जवळजवळ तीन दशके बसत आलो आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले; तथापि माझ्या हातचा अर्ज साहेबांच्या टेबलावरून सहसा परत आलेला नाही. पदवीधर मंडळीही मजकूर माझ्याकडून तपासून घेत. मारहाणीच्या तक्रारी मी इतक्या लिहिल्या आहेत की वळ पाहून वेत होता की पट्टा हे मला सांगता येते, अशी माझी खात्री होती. ही खात्री घेऊनच मी गेल्या वर्षी मे महिन्यात लेकीकडे अमेरिकेत फ्रीमाँटला आलो.

लेक आणि जावई दोघेही संगणकाच्या नोकरीत. घर रांगेतले, दुमजली, मागे गवताळ टेकड्या. सकाळची वंदना झाली की दोघे आपापल्या गाड्या काढून फ्रीवेला लागत आणि संध्याकाळपर्यंत घर माझ्या ताब्यात असे. जावई मितभाषी. मला बाबा म्हणे आणि माझा चहा स्वतः करी. त्याच्याविषयी माझे मत चांगले होते, हे येथे नमूद करतो.

एका शनिवारी लेक ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर टेकडीवर चालायला गेली. परतली ती हसत, गुडघ्याला माती लागलेली. रविवारी तिला काहीही झाले नव्हते. सोमवारी सकाळी ती उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालून खाली आली. चहाचा कप उचलताना बाही सरली आणि मला तिच्या हातावर तीन लाल, फुगीर रेघा दिसल्या. शेजारी शेजारी, सरळ. माझ्या हातातील बिस्कीट चहात पडले.

मी विचारले. ती म्हणाली, "पॉयझन ओक आहे बाबा. शनिवारी ट्रेलवर घसरले तेव्हा झुडूप धरलं. त्याचं तेल लागलं की असं होतं. डॉक्टरला फोनवर दाखवलंय, क्रीम दिलंय."

ती निघून गेली, पण माझा विश्वास बसला नाही. शेडखाली आलेली प्रत्येक बाई प्रथम असेच काही सांगे. पाय घसरला, दार लागले, म्हैस अंगावर आली. शिवाय शनिवारी धरलेले झुडूप सोमवारी वळ उठवते, हे कोणते झाड? दोन दिवस दम धरणारी जखम मी कधी पाहिली नव्हती.

त्याच दुपारी मी पुरावा शोधला. गॅरेजमधील खुंटीवर तिचे विंडचीटर लटकत होते आणि त्याची उजवी बाही कोपराशी फाटलेली होती. ओढाताणीवाचून कापड असे फाटत नाही, असा मी निष्कर्ष काढला. विंडचीटर नीट घडी घालून माझ्या बॅगेत, धोतरांच्या खाली, मुद्देमाल म्हणून ठेवले आणि कुलूप लावले.

संध्याकाळी जावई आला तो थेट गॅरेजमध्ये गेला. थोड्याच वेळात त्याचा आवाज चढला. तिचाही. भांडण इंग्रजीत होते, म्हणून शब्द कळले नाहीत. परंतु खुंटीवर हात आपटल्याचा आवाज स्पष्ट आला. त्यानंतर घरातील सगळ्या चादरी धुवायला निघाल्या आणि जावई आपली उशी घेऊन दुसऱ्या खोलीत झोपायला गेला.

मंगळवारी सकाळी तिच्या मानेवर नवी रेघ होती. बुधवारी दुसऱ्या हातावर दोन, आणि उजवा डोळा सुजून जवळपास मिटलेला. रोज सकाळी नवीन वळ! जो मुलगा माझ्या ताटात पोळी वाढतो, तोच माझ्या डोक्यावरच्या खोलीत माझ्या मुलीला मारतो, आणि मी खाली घोरतो! मी तिला पुन्हा खोदून विचारले. ती सुजल्या डोळ्याने माझ्याकडे पाहत म्हणाली की एकदा सांगितलंय ना बाबा, आता ऑफिसला उशीर होतोय.

बुधवारी दुपारी मी अर्ज लिहिला. प्रति, पोलीस अधिकारी. विषय, अर्जदाराच्या कन्येस होत असलेल्या मारहाणीबाबत. फाटलेल्या बाहीचे मोजमाप देण्यासाठी विंडचीटर पुन्हा बाहेर काढले, बाही हाताने चाचपून वितीने मोजली आणि परत ठेवले. गैरअर्जदार वरवर सुस्वभावी भासतो, हे वाक्य मी दोनदा लिहून पक्के केले. माझ्या धंद्याच्या शिस्तीप्रमाणे एक स्थळप्रत, म्हणजे आपल्याजवळ ठेवायची नक्कल, काढली आणि तीही बॅगेत ठेवली. मूळ अर्ज गुरुवारी सकाळच्या फेरीत शेजारच्या निवृत्त इंजिनियर काकांना दिला. ते मूळचे नागपूरचे. इंग्रजी भाषांतर त्यांनी करावे, पुढचे मी पाहीन, असे सांगितले. त्यांनी अर्ज उभ्याने वाचला आणि एवढेच विचारले की मारताना पाहिलंत का. मी म्हटले, वळ पाहिले आहेत.

शुक्रवारी सकाळी दाढीसाठी साबण लावून आरशासमोर उभा राहिलो तेव्हा माझी बोटे वाकेनात. दहाही बोटांची पेरे फुगली होती, कातडीखाली पाण्याचे बारीक फोड होते, आणि डाव्या मनगटावरून कोपराकडे एक लाल, सरळ रेघ गेली होती. कानामागेही तशीच एक.

मला कोणी मारले नव्हते.

हे मी पाहिलेले होते. आमच्याकडे हे लहान पोरही ओळखते. हा बिब्ब्याचे तेल लागून अंग उतल्यासारखाच प्रकार होता. तेच फोड, तीच आग, तोच एक-दोन दिवसांचा दम. आणि मला माझ्याच शेडखालची एक दुपार आठवली. एक माणूस पाठीवर काळपट वळ घेऊन भावाविरुद्ध तक्रार लिहवून घ्यायला आला होता. त्याच्या बोटांच्या टोकांवर फोड होते. बिब्ब्याचे तेल स्वतः लावून वळ उठवले की बोटे अशी होतात, हे मला ठाऊक होते. तरीही मी अर्ज लिहिला, आणि चांगला लिहिला. त्याचा भाऊ काही दिवस कोठडीत राहून आला. पुढे दवाखान्यात डॉक्टरांनी मूठ उघडायला लावली तेव्हा सगळे उघडकीस आले. तो भाऊ अजूनही शेडवरून जाताना माझ्याकडे पाहत नाही.

तोंडाला साबण तसाच ठेवून मी काकांच्या दारी गेलो. अर्ज परत हवा, एवढेच म्हणालो. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले.

"मग भाऊ, तुम्हाला कोणी मारलं?"

त्यांनी टेबलाच्या खणातून अर्ज काढून माझ्या खिशात घातला. भाषांतर तयार होते, पण ते त्यांनी स्वतःजवळच ठेवले होते. ते सांगत होते की असा कागद इथे गेला की आधी बेड्या पडतात आणि मग चौकशी होते. पोराची नोकरी गेली की व्हिसा जातो आणि घर उठते. ते हे सगळे शांतपणे सांगत होते आणि माझ्या गालावरचा साबण वाळत होता.

घरी आलो तर त्या दिवशी जावई घरूनच काम करत होता. माझे हात पाहताच तो खुर्चीवरून उठला. हे एकाचे दुसऱ्याला लागत नाही, त्याने समजावले; फक्त तेल लागते, आणि ते न धुतलेल्या कपड्यावर कित्येक दिवस राहते. ज्या जागी तेल जास्त तिथे पुरळ आधी उठते, कमी तिथे नंतर. म्हणून रोज नवीन वाटते. तेल लागलेले तिचे विंडचीटर धुवायला सापडेना म्हणून सोमवारी दोघांची जुंपली होती; चादरी धुणे आणि वेगळे झोपणेही त्या तेलापायीच. "बाबा, तुम्ही कशाला हात लावलात?"

मी किल्ली पुढे केली. बोटे वाकत नसल्याने कुलूप त्यानेच उघडले. त्याने रबरी हातमोजे घातले, धोतरे बाजूला केली, विंडचीटर उचलले, आणि त्याच्या घडीतून स्थळप्रत खाली पडली. मूळ अर्ज माझ्या खिशात होता. स्थळप्रत मी विसरलो होतो.

त्याने ती उचलली आणि वाचली. मराठी त्याला उत्तम येते. कागद उलटून मागची बाजूही वाचली. मला वाटले होते तो ओरडेल.

"यालाही तेल लागलं असेल," तो म्हणाला, आणि कागद विंडचीटरबरोबर पिशवीत टाकून पिशवीला गाठ मारली. मग मला बेसिनपाशी नेऊन माझे हात गार पाण्याने धुतले, वाळलेला साबण पुसला, क्रीम लावले. माझ्या सदऱ्याची बटणेही त्यानेच लावली.

संध्याकाळी लेक आली आणि माझे हात पाहून दारातच थबकली. तुम्हाला कसं झालं, तिने विचारले. जावयाने माझ्याकडे पाहिले आणि उत्तर माझ्यावर सोडून तो भात लावायला गेला. मी सगळे सांगितले. विंडचीटर, अर्ज, काका, बिब्बा, तो दुसरा भाऊही. इतकी वर्षे लोकांच्या हकिगती मुद्देसूद मांडल्या. ही मात्र शेवटाकडून सुरुवातीकडे सांगितली गेली.

सांगून झाल्यावर तिने एकाच उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिले.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बाबा. झुडूप धरलं म्हणून."

होय. तिने सांगितले होते. तिच्या जबानीतले ते एकच वाक्य मी अर्जात घेतले नव्हते.

ती उठली, ओला टॉवेल घेऊन आली आणि माझ्या हातांवर पसरून त्याच्या दुसऱ्या टोकाखाली तिने आपला हात ठेवला. मूळ अर्ज अजून माझ्या खिशात होता. तो मला काढता येत नव्हता, म्हणून तिला सांगितले की तू काढ, आणि वाच.

तिने काढला. वाचला नाही. हा काढताना हातमोजे घालायला हवे होते, एवढेच म्हणाली.