कपबशी आणि छत्री

शेळगावच्या हिंदुरावतात्यांनी मला निवडणूक निर्णय अधिकारी नेमलं, तेव्हा मला वाटलं सोसायटीची निवडणूक लागली. निवडणूक गाडीची होती.

तात्या एकतीस वर्षं विकास सोसायटीचे सचिव होते. निवृत्तीनंतर जुनं दप्तर सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायला त्यांना कुणीतरी हवं होतं. मी मराठीत एम. ए. झालो होतो आणि वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये वडिलांकडे रिकामा बसून होतो. दप्तर सहा महिन्यांत संपलं. मैत्री राहिली.

एकतीस वर्षांत तात्यांनी सोसायटीच्या सगळ्या निवडणुका जवळून पाहिल्या, पण स्वतः कधी मत दिलं नाही. सचिवाला बाजू नसते, म्हणायचे. घरातही तोच कारभार. घराला रंग कोणता द्यायचा, यावर मतदान झालं होतं. हिरवा एका मताने जिंकला. तात्यांना हिरवा रंग बघवत नाही. गेली नऊ वर्षं ते हिरव्या घरात राहतात आणि ओसरीवर भिंतीकडे पाठ करून बसतात.

गाडी घ्यायची हे ठरलेलं होतं. कशासाठी तेही ठरलेलं होतं. तात्यांच्या बायकोचे, कौसल्याकाकूंचे, दोन्ही गुडघे गेले होते. एसटीची पायरी चढवत नव्हती, मोटारसायकलवर बसवत नव्हतं. त्यांची थोरली बहीण बानूबाई नरसिंहपूरला अंथरुणाला खिळलेली. दोघींची दोन वर्षं भेट नाही. बानूबाईंना फोनवर ऐकू येत नसे. निम्मा फोन "कोण? कोण?" यातच जायचा. गाडी आली की पहिली फेरी नरसिंहपूरची, असा तात्यांनी काकूंना शब्द दिला होता.

प्रश्न फक्त कोणती गाडी, एवढाच होता. बारामतीच्या दोन शोरूममधल्या दोन गाड्या पसंत पडल्या होत्या. दोन्ही चार मीटरच्या आतल्या, दोन्ही पाच जणांच्या, दोन्ही पुढून रागावल्यासारख्या दिसणाऱ्या. एक पांढरी, एक लाल. पांढरीची डिकी मोठी. लालचं छत उघडतं. मायलेजमध्ये फरक इतका थोडा, की तो सांगताना सेल्समनलाच कसंतरी व्हायचं.

तात्यांचा मुलगा रविराज म्हणाला, पांढरी. त्यामुळे तात्यांचे धाकटे भाऊ विजयसिंहआबा म्हणाले, लाल.

"तुम्ही लाल बघितली का?" मी आबांना विचारलं.

"बघायचं काय त्यात? रव्या पांढरी म्हणतोय न्हवं?"

तात्यांनी लगेच कार्यक्रम जाहीर केला. अर्ज, छाननी, माघार, चिन्हवाटप, मतदान. पैसे तात्यांचे, पण वापर भावकीतल्या तिन्ही घरांचा, म्हणून मतदार तिन्ही घरांचे. एकूण एकवीस.

मी यादी वाचली. काकूंचं नाव नव्हतं.

"कसं असंल?" तात्या म्हणाले. "तिचा थेट हितसंबंध हाय."

"पण गाडी त्यांच्यासाठीच घेताय ना?"

"म्हणूनच."

काकू आत भाकरी थापत होत्या. "हितसंबंध गुडघ्याचा हाय," त्या आतूनच म्हणाल्या. "त्याला वगळा. बाकीचीला मत द्या."

तात्यांनी यादीखाली सही केली.

पांढरीच्या शोरूमचा मुजफ्फर माहितीपत्रक घेऊन आला, तर त्याच्याकडून उमेदवारी अर्ज भरून घेतला. सूचक रविराज. मुजफ्फर इंदापूरचा. त्याने सही करताना मला हळूच विचारलं, "सर, ही लोकं गाडी घेणारेत ना?" मी म्हणालो, निकालानंतर नक्की. त्याने मान हलवली. राजकारणात वाढलेल्या इंदापूरच्या माणसाला यात फार नवल वाटलं नसावं.

गाड्यांची नावं इंग्रजी, आणि तात्या-आबांच्या चुलती छबूबाईंना मराठीही वाचता येत नाही. म्हणून चिन्हं. पांढरीला कपबशी, लालला छत्री.

मग आचारसंहिता लागली. तिच्यातला पहिला नियम काकूंसाठी होता. निकालापर्यंत त्यांनी दोन्हीपैकी एकाही गाडीत बसायचं नाही. एकीत बसल्या तर तो प्रचार ठरेल.

पुढचे दहा दिवस मी जे पाहिलं, ते कुणाला सांगून पटत नाही. आबांच्या पॅनेलने जाहीरनामा काढला. त्यात उघडणारं छत होतं, आणि लाल निवडून आल्यास प्रत्येक घराला लग्नसराईत तीन दिवस गाडी मिळेल, असं वचन होतं. रविराजने उत्तरादाखल बोकड कापला. मग मतदानाला दोन दिवस उरले असताना आबांनी कुंपणावरची सहा माणसं उचलली आणि भिगवणला मासे खायला नेऊन ठेवली. फोन बंद. नेली कशातून, तर चाचणीसाठी दिलेल्या लाल गाडीतून, दोन फेऱ्या करून. रविराज माझ्याकडे तक्रार घेऊन आला. साधनसामग्रीचा गैरवापर.

"उमेदवारानं स्वतः मतदार पळवलेत," तो म्हणाला. "कारवाई करा."

मी गाडीवर काय कारवाई करणार? लेखी समज दिली. ती लालच्या वायपरखाली लावली.

या सगळ्यात गुडघा हा शब्द कुणाच्या तोंडी आला नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी नरसिंहपूरहून भाच्याचा फोन आला. बानूबाईंनी जेवण कमी केलं होतं. काकूंनी तात्यांना सांगितलं. तात्या म्हणाले, "उद्या निकाल हाय. परवा निघू."

"परवा कुणी बघितलाय?" काकू म्हणाल्या.

मतदानाच्या दिवशी दोन्ही गाड्या अंगणात उभ्या होत्या, मतपेटीपासून बरोबर शंभर पावलांवर, चुन्याच्या रेघेबाहेर. मतपेटी म्हणजे तुपाचा डबा, झाकणाला चीर पाडलेला. भिगवणची सहा माणसं दुपारी आली. अंगाला मासळीचा वास होता. सरळ जाऊन शिक्का मारून आली, कुणाकडे न बघता.

तीन वाजता तात्या आतल्या खोलीत टेकले. अंगण ओस पडलं. काकू बाहेर आल्या. चुन्याची रेघ ओलांडून लालकडे गेल्या.

मी बघत होतो. थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही.

त्यांनी दार उघडलं, वरचा दांडा धरला, उजवा पाय उचलला. पाय उंबऱ्याशी अडकला. पुन्हा उचलला. पुन्हा तिथंच. लालचा सेल्समन धावला. "काकू, बाजूला पायरी बसवून देतो की आम्ही."

"एक चढ व्हता, त्याचं दोन केलंस व्हय रं?" त्या म्हणाल्या. कपाळाला घाम आला होता.

मग पांढरीकडे गेल्या. तिची सीट खाली होती, फार नाही, चार बोटं. पाठमोऱ्या झाल्या, टेकल्या, वळल्या, एकेक पाय हाताने उचलून आत घेतला. दार ओढून घेतलं.

"मुजफ्फर, नरसिंहपूर ठावं हाय का?"

"हाय की. पण काकू, मतदान चालूय."

"चालू दे. मला मत न्हाय."

मुजफ्फरने माझ्याकडे बघितलं. उमेदवाराने मतदारसंघ सोडू नये, असं तात्यांच्या नियमावलीत कुठंच नव्हतं. मी म्हणालो, "जा."

तात्या उठले तेव्हा मी सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं.

"बसली?" त्यांनी विचारलं.

"बसल्या. पाठमोऱ्या."

"आन् लालमंदी?"

"पाय जात नाही."

त्यांनी चुन्याच्या रेघेपलीकडे पांढरीच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग म्हणाले, "पाच वाजले. पेटी उघडा."

छत्रीला अकरा. कपबशीला दहा.

आबांच्या बाजूने गुलाल उधळला गेला. तात्यांनी हात वर केला. "थांबा. पुन्हा मोजा." चष्मा पुसून एकेक मतपत्रिका उन्हाकडे धरली. छत्रीची नववी धरली आणि तशीच ठेवली. शिक्क्याशेजारी पेनाने छोटा बदाम काढलेला होता. आबांची नात संस्कृती पहिल्यांदाच मतदान करत होती.

"ओळख पटंल अशी खूण हाय," तात्या म्हणाले. "बाद."

"दादा, पोरीनं हौसंनं काढलाय!" आबा म्हणाले.

"हौसंला मतपत्रिकेवर जागा न्हाय."

नियम खराच होता. दहा-दहा. समान मतं पडली की चिठ्ठी. हाही नियम खरा. तात्यांनी दोन सारखे कागद फाडले, माझ्याकडे पाठ करून लिहिले, घड्या घातल्या, स्टीलच्या तांब्यात टाकले. तांब्या छबूबाईंपुढे धरला. त्यांनी एक काढली. मी उघडली.

"कपबशी."

रविराजची माणसं ओरडली. आबा मात्र पुढे आले. निवडणुकीत मुरलेला माणूस. "दुसरी बी दाखवा."

मी तांब्यात हात घालून दुसरी उघडली. तात्यांचं वळणदार अक्षर. सोसायटीच्या एकतीस वर्षांच्या दप्तरात मी ते रोज वाचलं होतं.

कपबशी.

मी वर बघितलं. तात्या माझ्याकडे बघत नव्हते. भिंतीकडे बघत होते, त्या हिरव्या भिंतीकडे, सरळ.

"छत्री," मी वाचलं.

"बघू की," आबांनी हात पुढे केला.

"मोजणीचा कागद हाताळायचा नसतो," तात्या म्हणाले. त्यांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, सगळ्या मतपत्रिकांसकट पाकिटात घातली आणि लाख पेटवली. लाख पाकिटावर कमी आणि त्यांच्या अंगठ्यावर जास्त सांडली. आबा लाखेच्या सीलकडे बघत राहिले. त्या घरात सील तोडणारा माणूस अजून जन्मला नव्हता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मुजफ्फर होता. मी स्पीकर लावला.

"सर, काकू बहिणीच्या उशाशी बसल्यात. म्हातारीनं हाताला हात लावूनच वळखलं. आता काकू उठंनात. मुक्काम करते म्हणतात. शोरूममधून फोनवर फोन यायलेत. गाडी कुणाची सांगू?"

तात्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"असू दे तितंच," ते म्हणाले. "ती निवडून आली हाय."