गच्चीवरचं टॉक

माझ्या नणंदेचं लग्न मोडायची वेळ आली होती, कारण मला इंग्रजी येत होतं.

मी पुण्याची बी.ए., नवी नवी कन्नड मुलखातल्या चामराजपेटेत सून म्हणून आलेले. सासरचे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. मराठीत कन्नड कालवून जेवणारे! आणि नणंद सुमीला स्थळ आलं पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातल्या इंजिनियरचं. मुलगा मराठी, सरळ, देखणा. अट एकच : मुलगी इंग्रजी बोलणारी हवी.

सुमीनं त्याचा फोटो पाहिला आणि चार वेळा पाणी प्यायली. मी पदर खोचला.

"सुमे, 'टॉक' एवढं एक क्रियापद धर. टॉक ओव्हर म्हणजे चर्चा करणे. टॉक शॉप म्हणजे सारखं कामाचंच बोलणे. टॉक बॅक म्हणजे उलट बोलणे." (हे शेवटचं तिला शिकवावं लागलं नाही.)

"वहिनी, मला त्याच्याशी बोलायचंय की परीक्षा द्यायचीय?"

"दोन्ही!"

पाहुणे आले. चिरोटे झाले, कॉफी झाली. मुलाच्या आईनं सुमीला काहीही विचारलं, की उत्तर मी द्यायची, तेही इंग्रजीत. सासूबाई मला डोळ्यांनी दटावत होत्या. मला वाटलं, कौतुकानं बघतायत! मग रिवाजाप्रमाणे कोणीतरी म्हणालं, "दोघांना जरा बोलू द्या." दोघं गच्चीवर गेले. सोबत म्हणून कोणीतरी लांब उभं राहायचं असतं. हातात चिरोट्यांची बशी घेऊन मी उभी राहिले. लांब मात्र नाही!

मुलानं घसा खाकरला. "तुम्हाला... सिनेमा वगैरे आवडतो?"

"इंग्लिश, प्लीज!" मी म्हणाले.

तो लाल झाला. "यू... आय..." पुढे गाडी जाईना. मला वाटलं, बिचारा लाजतोय, धीर द्यावा. म्हणून मी त्याला टॉक आणि स्पीकमधला फरक समजावायला घेतला. भाषण करतो तो स्पीकर; टॉकला मात्र समोरच्यानंही बोलावं लागतं! हे मी इतका वेळ सांगितलं, की समोरच्यांना तोंड उघडायला फटच मिळाली नाही. वर आणलेल्या कॉफीवर साय धरली. मुलगा कठड्यावरून खाली अंतर मोजू लागला. शेवटी जिन्याकडे वळलाच.

"येतो मी."

सुमीचा चेहरा पांढराफटक! पण पोरगी काय धीराची! माझ्या हातातली चिरोट्यांची बशी तिनं काढून घेतली आणि त्याच्यासमोर धरली.

"स्वल्प थांबा. मला इंग्रजी येत नाही. चार वाक्यं येतात, ती वहिनीनं घोटून घेतलीत. मराठी येतं, तेही आमच्या घरचं, कन्नड मिसळलेलं. चालत असेल तर बसा. नाहीतर निदान खाऊन तरी जा."

तो मट्‌कन खाली बसला. "अहो, मलाच कुठे येतं! कारखान्यात परदेशी पाहुणे आले की मी लेथच्या मागे लपतो. घरात एकाला तरी यावं म्हणून आईनं ही अट घातली!"

दोघं इतके हसले की कबुतरं उडाली. मग सुमी माझ्याकडे वळली.

"वहिनी, आता तू खाली जा. सरी, बरं का?"

मी आयुष्यात पहिल्यांदा एक शब्दही न बोलता जिना उतरले. मी दिवसचे दिवस शिकवूनही न जमलेलं, तिनं एका बशीवर जमवलं होतं! खाली मुलाची आई सासूबाईंना म्हणत होती, "मुलगी पसंत आहे हो. आणि ती इंग्रजीची अट आम्ही सोडली. घरात असं सतत कोणी बोलायला लागलं तर जायचं कुठे?"

सुमीचा संसार दृष्ट लागण्यासारखा झाला. दोघं अजून गच्चीवर तासन्‌तास बोलतात. मला बघितलं की मात्र थांबतात.

परवा माझ्या नातीला बघायला मंडळी राजाजीनगरहून यायची होती. मी नवी साडी नेसून तयार! तेवढ्यात सगळ्यांनी एकमतानं मला बाजारात फुलं आणायला पिटाळलं. परत येऊन बघते तर पाहुणे गेलेले, लग्न ठरलेलं, आणि घरात आधीपासूनच दोन टोपल्या फुलं!